सोळा फुटांची करवली

आमच्या आईबाबांच्या लग्नाचा अल्बम मी एकदा मोजून पाहिला. फोटो एकूण चौसष्ट. त्यांतल्या एकोणतीस फोटोंत आई आहे, एकवीस फोटोंत बाबा आहेत आणि तेवीस फोटोंत गाडी आहे. म्हणजे नवरदेवापेक्षा गाडी दोनांनी पुढे. बाबांचा फेटा चार ठिकाणी वरून छाटला गेलाय. गाडी मात्र एकाही फोटोत, या बंपरपासून त्या बंपरपर्यंत, तसूभर कमी नाही. फोटोग्राफर चिराबाजारातला होता. लग्नसराईत त्याला नवरे रोज दोन-चार दिसायचे. असली गाडी कधीमधी.

लग्न १९७४ च्या मे महिन्यातलं. देशभर रेल्वेचा संप चालू होता. पुण्याची निम्मी मंडळी एस.टी.नं कशीबशी आली आणि उरलेल्या निम्म्यांनी ‘येणारच होतो हो, पण संप!’ हे वाक्य पुढची वीस वर्षं आहेराच्या जागी वापरलं. आदल्या वर्षाच्या अखेरीस अरबांनी तेलाचा हात आखडता घेतला होता आणि पेट्रोल कडाडलं होतं. अशा दिवसांत लिटरला जेमतेम सहा किलोमीटर धावणारी अमेरिकन गाडी वरातीला ठरवणं म्हणजे शुद्ध उधळपट्टी. ती केली आमच्या आजोबांनी. हे तेच आजोबा, जे ट्रामचे पैसे वाचवायला ठाकुरद्वारहून बोरीबंदरपर्यंत चालत कचेरीत जायचे. आयुष्यभर वाचवलेल्या ट्रामच्या भाड्याची एका संध्याकाळी त्यांनी मोटार केली. भाडं किती दिलं, ते मात्र त्यांनी शेवटपर्यंत कुणाला सांगितलं नाही. आजीनं मागच्या दारानं चौकशी केली, तर गाडीवाल्यालाही त्यांनी शपथ घातलेली निघाली.

तर आता मुख्य भांडणाकडे येतो. ही गाडी कोणती होती?

बाबा म्हणतात डॉज. मामा म्हणतो प्लायमाउथ. (खरा उच्चार प्लिमथ, पण हे मामाला सांगायची कुणाची छाती नाही.) आत्याचे यजमान म्हणतात डिसोटो, कारण ते ज्या गिरणीत होते तिथल्या साहेबाकडे डिसोटो होती आणि तिचं दार बंद होताना जो ‘धप्प’ असा आवाज यायचा, तोच आवाज त्यांनी वरातीत स्वतःच्या कानांनी ऐकला. आजीला डिसोटो हे नाव ‘सोटा’ असं ऐकू यायचं आणि शुभकार्यात सोट्याचं नाव कशाला, म्हणून ती डॉजच्या बाजूची. हा वाद दर दिवाळीला चिवड्यापाशी सुरू होतो आणि चहाच्या दुसऱ्या फेरीला स्थगित होतो. गेल्या पन्नास वर्षांत घरात दोन वाटण्या झाल्या, एक आजारपण झालं, चाळ पुनर्विकासाला गेली, पण इतका तळमळीचा वाद दुसऱ्या कशावरही झालेला नाही.

तेवीस फोटो असताना वाद कसला, असं कुणालाही वाटेल. आम्हालाही वाटलं होतं. पण ते फोटो नीट पाहा. गाडीच्या नाकावर, म्हणजे पुढच्या जाळीवर, या दिव्यापासून त्या दिव्यापर्यंत झेंडूच्या माळांचा असा पडदा सोडलाय की आत जाळी आहे की दगडी भिंत, हे कळत नाही. भुलेश्वरचा फूलवाला बाबांच्या मित्राचा मित्र, त्यानं हात राखून काम केलंच नाही. मागं डिकीवर कापसाची अक्षरं चिकटवून वधूवरांची नावं. कंपनीचं नाव त्या कापसाखाली गडप. बॉनेटच्या टोकावर जे चिन्ह असायचं, ते कधीच चोरबाजारात गेलं असावं. तिथं नुसता खिळा होता आणि खिळ्याला नारळ बांधला होता. चाकांवरच्या व्हील कॅप पाहाव्यात, तर एका बाजूच्या दोन फोटोंत दिसतात आणि दोन्ही वेगवेगळ्या कंपन्यांच्या आहेत. तिसरी कसलीच नाही, बहुधा घरातली परात होती. रंगाबद्दलही एकमत नाही. फोटो कृष्णधवल. बाबा पिस्ता म्हणतात, मामा आकाशी. आई या बाबतीत कधी काही बोलली नाही. ती चकल्या तळत असते.

या वादाची खरी मेख मला फार उशिरा कळली आणि ती कुर्ल्यात आहे.

वालचंद हिराचंद हे सोलापूरचे. साखर, जहाजं, विमानं असं सगळं करून झाल्यावर त्यांनी मोटारी मनावर घेतल्या. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली, अमेरिकेतल्या क्रायस्लर कंपनीशी करार केला आणि १९४७ साली, स्वातंत्र्याच्या वर्षीच, कुर्ल्याच्या कारखान्यातून गाडी बाहेर काढली. पुढं याच कुर्ल्यातून फियाट आणि मग पद्मिनी निघाली. पिवळ्या छपराच्या काळ्या टॅक्स्यांची ती मूळमाउली. कुर्ल्यात आजही प्रीमियर रोड आहे, मात्र कारखान्याच्या जागी आता इमारती आहेत. तर त्या सुरुवातीच्या काळात कुर्ल्यात तीन नावांच्या अमेरिकन गाड्या जोडल्या जायच्या : डॉज, प्लिमथ आणि डिसोटो. आणि तिन्हींचं अंग एकच! क्रायस्लरनं परदेशी विक्रीसाठी युक्ती केली होती. सांगाडा, पत्रा, दारं, इंजिन, सगळं प्लिमथचं. फक्त पुढची जाळी बदलायची, नावाची अक्षरं बदलायची आणि चिन्ह बदलायचं. डॉजला मेंढा. प्लिमथला जहाज, कारण १६२० साली इंग्रजांची एक टोळी मेफ्लॉवर नावाच्या जहाजातून अमेरिकेत प्लिमथला जाऊन उतरली होती. डिसोटोला शिरस्त्राण घातलेला स्पॅनिश सरदार. मेंढा लावला की किंमत वेगळी, सरदार लावला की ऐट वेगळी. एकाच घरातल्या तीन बहिणी. एकीनं चंद्रकोर लावावी, दुसरीनं टिकली, तिसरीनं आडवी चिरी, आणि तिघींचे हुंडे निरनिराळे सांगावेत, तसा प्रकार.

म्हणजे आमच्या घरात पन्नास वर्षं ज्या गाडीच्या नाकावरून भांडण चाललंय, तिचं नाक सोडून बाकी सगळं प्रत्येक पक्षाचं बरोबर होतं. हे मी एका दिवाळीत जाहीर केलं. वाटलं, आता तह होईल. बाबा म्हणाले, “बघ, डॉज होतीच ना.” मामा म्हणाला, “अंग प्लायमाउथचं म्हणजे गाडी प्लायमाउथच.” आत्याचे यजमान म्हणाले, “दाराचा आवाज मी ऐकलाय.” मी चिवड्यातले शेंगदाणे वेचत बसलो.

मामाला यात विशेष अधिकार आहे असं त्याचं मत, कारण तो दादरचा. “भगवानदादा जिथं राहिले त्या दादरच्या माणसाला तुम्ही गाडी शिकवता?” हा त्याचा हुकमाचा पत्ता. भगवानदादांचं नाव निघालं की आमच्याकडे सगळे जरा गप्प होतात, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. गिरणगावातला मजुरी करणारा मुलगा, १९५१ साली ‘अलबेला’ काढतो, जुहूला पंचवीस खोल्यांचा बंगला घेतो आणि दारात सात मोटारी उभ्या करतो. म्हणतात की आठवड्याच्या वारागणिक एक. मग पुढच्या चित्रपटांनी बंगला घेतला, मोटारी नेल्या, आणि दादा दादरच्या चाळीतल्या घरात परत आले. २००२ साली तिथंच गेले. मोटारींपैकी एकही राहिली नाही. राहिली ती हात हलवत पुढंमागं डुलायची त्यांची चाल, आणि ती अजून विसर्जनाच्या मिरवणुकीत गिरगाव चौपाटीपर्यंत चालत जाते. मामा हे सांगताना दर वेळी सात वार बोटांवर मोजतो. गुरुवारी कोणती गाडी होती, हे त्याला कुणी विचारू नये अशी माझी विनंती आहे. तो उत्तर देतो.

आता गाडीच्या आकाराबद्दल थोडं. गाडी सुमारे सोळा फूट लांब. फणसवाडीतली आमची खोली दहा बाय बारा. ती गाडी खोलीत उभी केली असती तर डिकी गॅलरीत आली असती आणि दुसऱ्या दिवसापासून शेजारच्या काकूंनी तीवर पापड वाळत घातले असते. आतमध्ये पुढं-मागं सलग बाकडी. तीन-तीन मिळून सहा माणसं बसावीत अशी कंपनीची कल्पना. वरातीत अकरा बसली होती. यात मांडीवरच्या करवल्या धरलेल्या नाहीत.

पण तिची खरी थोरवी उंचीत होती. क्रायस्लर कंपनीचे मुख्य के. टी. केलर यांचा एक हट्ट होता : हॅट घातलेल्या गृहस्थाला हॅट न काढता गाडीत बसता आलं पाहिजे. त्यापायी त्यांच्या गाड्या उंच, टम्म आणि काहीशा पोक्त दिसायच्या. तिकडं अमेरिकेत इतर कंपन्यांनी बुटक्या, लांबट, नखरेल गाड्या काढल्या, लोकांनी हॅटही सोडली आणि पन्नाशीच्या दशकात या टम्म गाड्यांचा खप घसरला. डेट्रॉइटमध्ये जे गणित चुकलं, ते दादरच्या मांडवाबाहेर मात्र बरोबर आलं. बाबा फेट्यासकट, मुंडावळ्यांसकट, मान तिरकी न करता थेट आत जाऊन बसले. माझ्या लग्नात मला नव्या कोऱ्या गाडीत शिरताना कंबरेत वाकून आधी डोकं, मग फेटा, मग उरलेला मी असं टप्प्याटप्प्यानं आत जावं लागलं. फेटा छपराला लागून कपाळावर आला. माझ्या अल्बममध्ये मी सगळीकडे चोर पकडून नेल्यासारखा दिसतो. केलरसाहेबांना फणसवाडीतून कुणी तरी पत्र पाठवायला हवं होतं.

वरात दादरहून निघाली. परळ, लालबाग, भायखळा करत लॅमिंग्टन रोडला आली, आणि ऑपेरा हाऊसच्या अलीकडे गाडीच्या बॉनेटमधून आधी वाफ आली, मग शिट्टी आली, मग गाडी थांबली.

ऑपेरा हाऊसचा परिसर म्हणजे मोटारींच्या सुट्या भागांची पंढरी. जगातला कुठलाही नटबोल्ट जिथं मिळेल तिथं ती बंद पडली होती. दुकानं बंद करून निघालेले दुकानदार थांबले आणि वऱ्हाडात सामील झाले. कॉइलवाल्याला कॉइल गेलेली दिसली. फॅनबेल्टवाला म्हणाला, फॅनबेल्ट. प्लगवाल्यानं खिशातून प्लगच काढला. एक जण नुसता टायरला लाथा मारून मान हलवत होता, तो टायरवाला. बॉनेट उघडलं गेलं आणि वीस पुरुष त्यात डोकं घालून उभे राहिले. (मराठी पुरुष दोनच ठिकाणी असे एकाग्र उभे राहतात. दुसरं ठिकाण म्हणजे मासळी बाजारात पापलेटचा कल्ला.) इंजिन सहा सिलिंडरचं, वरून सपाट, कुणीही सांगेल असं. म्हणजे खरं तर कुणीच सांगू शकणार नाही असं, कारण तिन्ही बहिणींचं इंजिन तेच. पण बाबांनी तिथंच ‘डॉज’ म्हटलं, मामानं तिथंच ‘प्लायमाउथ’ म्हटलं. वादाचा पाया घातला गेला तो लॅमिंग्टन रोडवर, रात्री आठ वाजता, उकळत्या रेडिएटरच्या साक्षीनं. सप्तपदीला तेव्हा उणेपुरे सात तास झाले होते.

शेवटी ड्रायव्हरनंच निदान केलं. गाडीला काही झालेलं नव्हतं, तिला वारं मिळत नव्हतं. पुढची जाळी असते ती वारा आत घ्यायला. त्या वाऱ्यानं रेडिएटर निवतो. जाळीवर आमच्या फूलवाल्यानं झेंडूची गोधडी पांघरलेली. मे महिना, अकरा माणसं, दादरपासूनची चढउतार. सुट्या भागांच्या बाजारात उभी असलेली ती गाडी फक्त हवा मागत होती.

“फुलं काढा,” ड्रायव्हर म्हणाला.

“फुलं काढायची नाहीत,” आमच्या आजोबांच्या बहीण, म्हणजे बाबांच्या आत्या, मागच्या टॅक्सीतून उतरून म्हणाल्या. “लक्ष्मी घरी पोचायच्या आधी वरातीचा साज वाटेत उतरवतात का कधी?”

त्या काळात घरात आत्याबाई म्हणजे सुप्रीम कोर्ट. झेंडू राहिला. तो त्या दिवशी उतरला असता तर जाळी दिसली असती, नाव कळलं असतं आणि आमची पन्नास दिवाळ्यांची करमणूक बुडाली असती, म्हणून मी आत्याआजीचा ऋणी आहे. समोरच्या इराण्याकडून पाण्याच्या बादल्या आणून गाडी निववली. त्याला दीड तास लागला. सगळे पुरुष बाहेर उभे, बायका टॅक्सीत. नव्या नवरीनं रस्त्यावर उतरायचं नाही, म्हणून आई एकटी गाडीत बसून राहिली. तिला उकडतंय म्हणून ड्रायव्हरनं तिला पुढच्या बाकावर, खिडकीपाशी बसवलं. शालू नेसून, ओटीत नारळ घेऊन, ती दीड तास समोर बघत बसली होती.

इकडं ठाकुरद्वारच्या नाक्यावर बँडवाले सात वाजल्यापासून उभे. त्यांच्याकडची सगळी गाणी दोनदा वाजवून झाली होती आणि आता ते आरत्यांवर आले होते. गाडी नाक्यावर आली तेव्हा ड्रायव्हरनं हात जोडले. बँडच्या चालीनं, पहिल्या गिअरमध्ये रांगत गेली तर ती पुन्हा तापणार. म्हणून त्यानं इंजिन बंद केलं, आणि वाडीतल्या पोरांनी पाठीमागून खांदा लावला. सहा सिलिंडर झोपले, बारा पोरं जागी झाली. फणसवाडीला हे नवं नव्हतं. वाडीत बालाजीचं देऊळ आहे, दाक्षिणात्य गोपुराचं. तिथं ब्रह्मोत्सवात देवाचा रथ निघतो, तोही माणसंच ओढतात. त्यामुळं माणसांनी हलवायचं वाहन हेच मोठं वाहन, अशी आमच्याकडची समजूत. वरच्या मजल्यावरून म्हाताऱ्यांनी गाडीला हात जोडले. एकीनं तर तांदूळ टाकले ते नवरा-नवरीवर न पडता टपावर पडले आणि तिनं ते चूक म्हणून मानलं नाही.

नाक्यापासून चाळीच्या दारापर्यंतचं अंतर पाच मिनिटांचं. वरातीला पाऊण तास लागला. त्या पाऊण तासात आई-बाबा उतरल्यावर, उतरायच्या आधी, मध्येच गाडी अडकल्यावर, जो जो म्हणून वाडीत होता तो तो त्या गाडीत बसून गेला. पोरांनी हॉर्न वाजवला. तालमीतल्या पैलवानानं नसलेल्या फूटबोर्डवर पाय ठेवायचा प्रयत्न केला. एका काकांनी गिअरचा दांडा स्टिअरिंगलाच चिकटलेला पाहिला आणि पुढं आयुष्यभर ते ‘मी अमेरिकन गाडी हाताळलेली आहे’ असं सांगत राहिले. आमच्या चाळीतल्या बहुतेक जुन्या अल्बममध्ये हीच गाडी आहे. आईबाबांच्याच लग्नाच्या रात्री काढलेले फोटो. काहींनी मुंजीच्या अल्बममध्ये लावलेत.

मला वाटतं, पन्नास सालानंतरच्या त्या अमेरिकन गाड्यांवर आमच्या लोकांचा जो जीव आहे, तो या पाऊण तासाचा आहे. अमेरिकेतल्या माणसाचा तिच्यावर जीव जडला तो ती त्याच्या दारात उभी होती म्हणून. आमच्याकडे ती कुणाच्याच दारात नव्हती, म्हणून सगळ्यांची होती.

गंमत अशी की त्या गाड्या टिकाव्यात अशी बनवणाऱ्यांचीही फारशी इच्छा नव्हती. जनरल मोटर्सचे हार्ले अर्ल हे त्या काळातले मोठे रंगारी. युद्धातलं एक जोडशेपटी विमान त्यांच्या मनात भरलं आणि १९४८ च्या कॅडिलॅकला त्यांनी मागं छोटे कल्ले काढले. मग दर वर्षी कल्ले वाढत गेले. १९५९ पर्यंत ते इतके झाले की गाडी मागं घेताना शेजाऱ्याच्या पोटाची काळजी वाटावी. दर वर्षी नवं तोंड, नवी शेपटी. हेतू हा की गेल्या वर्षीची गाडी लोकांना जुनी वाटावी आणि त्यांनी ती टाकून नवी घ्यावी. ‘टाकून’ हा शब्द डेट्रॉइटवाल्यांनी फार सहज वापरला. त्यांना ठाऊक नव्हतं की यांतल्या काही गाड्या अशा मुलखात जाणार आहेत, जिथं चादरीची पिशवी होते, पिशवीचं पायपुसणं होतं, पायपुसण्याचं फडकं होतं आणि फडकं ‘असू दे, लागेल’ म्हणून माळ्यावर जातं.

हॅवानाच्या रस्त्यांवर अजून त्या गाड्या धावतात, त्याचं जगभर कौतुक होतं. तिथं क्रांती झाली, अमेरिकेनं नाकेबंदी केली, नवी गाडी येईना, म्हणून जुनीला रशियन भाग जोडून चालवली. आमच्याकडे अमेरिकेनं काही केलेलं नव्हतं. नाकेबंदी आमच्याच सरकारनं आमच्यावर केली होती. १९४९ साली तयार गाड्यांची आयात बंद झाली. १९२८ पासून शिवडीत गाड्या जोडणारी जनरल मोटर्स १९५४ साली गाशा गुंडाळून गेली. नंतर आलेली मोठी अमेरिकन गाडी म्हणजे बहुधा कुठल्यातरी वकिलातीतल्या साहेबानं बदली झाल्यावर मागं सोडलेली, सरकारी व्यापार महामंडळामार्फत विकली गेलेली. मग ती नटाकडे, नटाकडून निर्मात्याकडे, निर्मात्याकडून सावकाराकडे, आणि सगळ्यांचे दिवस फिरले की वरातीला.

वरातीतही तिची उतरण चालूच. पेट्रोल परवडेना म्हणून मालक तिचं मूळ इंजिन काढून पर्किन्सचं डिझेल इंजिन बसवायचे. १९८२ साली काकाच्या लग्नाला आजोबांनी पुन्हा तोच गाडीवाला शोधून काढला. गाडी तीच होती की तिची बहीण, देव जाणे. रंग लाल झाला होता. वाडीत शिरली तेव्हा धडधड आवाजानं लोकांना वाटलं वाळूचा ट्रक आला, आणि दोघे-तिघे घमेली घेऊन खाली उतरले. फुलं या वेळी फक्त टपावर होती. आत्याआजी तेव्हा हयात नव्हत्या, त्यामुळं जाळी उघडी होती. जाळी कसली, लोखंडी पट्ट्यांची, खिडकीला लावतात तसली. नवा पुरावा म्हणून ती काहीच कामाची नव्हती.

आता अशा गाड्यांना सन्मान आलाय. २०२१ साली केंद्र सरकारनं नियम केला : पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपात फेरफार न केलेल्या गाडीला ‘विंटेज’ म्हणून नोंदता येतं, नंबरात ‘व्हीए’ अक्षरं मिळतात, नव्या नोंदणीला वीस हजार रुपये, आणि दहा वर्षांनी नूतनीकरण. अट अशी की रोजच्या वापराला काढायची नाही आणि धंद्याला तर नाहीच. म्हणजे कायद्याच्या भाषेत वरात संपली. बाबांनी हा नियम वर्तमानपत्रात वाचला आणि लग्नाला पन्नास वर्षं झाली तेव्हा आईला म्हणाले, “आपणही नोंदणी करून घेऊ. पन्नास वर्षं पूर्ण, मूळ रूपात फेरफार नाही.” आई त्यांच्या टकलाकडे बघून म्हणाली, “नापास करतील.”

गेल्या हिवाळ्यात फोर्टात जुन्या गाड्यांची फेरी होती. दोघांना घेऊन गेलो. आता गिरगावला मेट्रोचं स्टेशन झालंय, त्यामुळं जाणं सोपं. बाबांनी निघताना ठाकुरद्वारच्या ‘विनय’मध्ये मिसळ खाऊन घेतली, कारण गाड्या रिकाम्या पोटी बघू नयेत.

१९५७ ची एक शेव्हरोले बेल एअर होती. आई नाव ऐकून म्हणाली, “महादेवाची का?” तिच्या मालकानं आम्हाला एक गंमत दाखवली. पेट्रोलचं झाकण कुठाय ओळखा. बाबांनी गाडीला दोन प्रदक्षिणा घातल्या. सापडेना. मालकानं डाव्या कल्ल्यावरची चकचकीत पट्टी ओढली, ती दारासारखी उघडली आणि आत झाकण! पंपावरच्या नव्या पोऱ्यांना हे सांगेपर्यंत रांग कशी लागत असेल, याचा मी विचार करत होतो. बाबा मात्र त्या पट्टीकडे लहान मुलासारखे बघत होते. त्यांनी ती तीनदा उघडायला लावली.

पुढं कोपऱ्यात एक टम्म, पोक्त, पिस्ता रंगाची गाडी उभी होती. पाटी : डॉज किंग्जवे. बाबा थबकले. मग काठी माझ्या हातात देऊन त्यांनी मामाला व्हिडिओ कॉल लावला. “हे बघा! हे बघा मेहुणे, हीच! रंग पिस्ता! डॉज!” पलीकडून मामाचा आवाज आला, “जाळी दाखवा, जाळी!” त्यांनी जाळी दाखवली. मामा म्हणाला, झेंडूखाली कुणाला ठाऊक काय होतं. बाबा म्हणाले, मेंढा बघा, बॉनेटवर मेंढा आहे. मामा म्हणाला, तिथं नारळ होता.

तेवढ्यात आई खिडकीतून आत डोकावून आली. “ही नव्हे,” ती म्हणाली.

“कशावरून?”

“आपल्या गाडीच्या स्टिअरिंगच्या मधोमध होडी होती. शिडाची. दीड तास बघत होते की मी.”

फोनमधून मामानं जी आरोळी ठोकली, तिनं शेजारच्या गाडीचा मालक दचकला. बाबा आईकडे नुसते बघत राहिले. मग म्हणाले, “अगं, पन्नास वर्षं! पन्नास वर्षं बोलली नाहीस?”

“नव्या नवरीनं मधे बोलायचं नसतं, म्हणून तेव्हा गप्प बसले,” आई म्हणाली. “मग राहूनच गेलं.”